गोवंडीचा सूर कंबोडियात

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळपासून पाय जमिनीला लागत नाहीत. धम्मप्रचारासाठी कंबोडियाला गेलेल्या आमच्या प्रज्ञाने आज थेट वर्गातूनच व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या विहारात ती चिमुरड्यांना इंग्रजी शिकवते. पोरं उभी राहिली आणि हेल काढून ओरडली, "गुऽड मॉर्निंऽग टीऽचर!"

अगं बाई, हा तर मी शिकवायचे त्या गोवंडीतल्या बालवाडीचा सूर! प्रज्ञाही तिथे माझ्याच हाताखाली शिकली. तिच्या याच सुराला मुलुंडच्या एका शाळेत मुलाखत घेणाऱ्या मॅडम हसल्या होत्या. तिला नोकरीही दिली नाही. तेव्हापासून डोक्यात तेच, मी पोरीला चुकीचं शिकवलं का? हसा म्हणावं आता!

तरी मी म्हटलंच, "त्यांना तरी नीट बोलायला शिकव ना गं."

"मम्मी, नीटच बोलतायत." तिने फोन पोरांकडे फिरवला आणि म्हणाली, "माय टीचर."

पुन्हा तोच सूर, या वेळी माझ्यासाठी. बालवाडी सोडून किती वर्षं झाली, पण तोंडातून निघालंच, "सिट डाऊऽन!"

आणि सगळीच्या सगळी पोरं खाली बसली.