काळी पूड

श्रीगोंदा,
मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

लाडक्या सुमैरास,

नानीचा सलाम आणि पोटभर दुवा. इकडे सगळे खुशाल. तुझ्या बहिणीच्या, तमन्नाच्या रविवारच्या लग्नाचा मांडव उद्या घालतील. तुझी अम्मी पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकतेय, आणि नवरीला आरशापुढून हलवायला फौज लागते. फोन केला असता, पण या घरात सध्या भिंतीला चार-चार कान. म्हणून अमजदमामाच्या टेम्पोबरोबर ही चिठ्ठी, आणि एक पुडी.

पुडीत मेंदीत घालायची काळी पूड आहे. नगरचा दुकानदार म्हणाला, "खाला, चिमूटभर टाका, रंग काळाभोर." तुमच्या लॅबमध्ये तपासून बघ. दिवाळीच्या सुट्टीत तू सांगितलंस ते ध्यानात आहे: माणसाच्या कातडीच्या पेशी ताटलीत वाढवता, त्यावर रसायन सोडता, अंगावर उठणारं असलं तर त्या चमकून सांगतात. आधी बिचाऱ्या उंदरांच्या कानाला चोळून बघायचे. मी हसले होते, "अगं, एवढा खटाटोप कशाला? मनगटावर ठिपका द्यायचा, मोकळं!"

आपल्या मेंदीच्या धंद्यातली रीतच ती. नवी मेंदी भिजवली की आधी घरातल्या कुणाला ठिपका, मग गिऱ्हाईक. माझं मनगट आता सुरकुतलेलं, रंग कळत नाही. म्हणून...

म्हणून पंधरवड्यापूर्वी ठिपका तमन्नाला दिला. काही झालं नाही, रंग बघून पोरगी नाचली. परवा परत दिला, या खेपेला वेल काढली. काल तिथं खाजायला लागलं. आज वेलीचं पान न पान फुगून वर आलंय, आत पाणी भरलंय. बाहीखाली झाकून फिरते. म्हणते, "नानी, कुनाला बोलू नको हां. डास चावला आसंल. शुक्रवारी मेंदीला दोन्ही हात कोपरापत्तुर काळे पायजेत, सासू बघतच राहिली पायजे!"

तू म्हणाली होतीस, कातडी पहिल्या भेटीत नुसती ओळख करून घेते, दुसऱ्या भेटीत भांडते. "नव्या सुनेसारखं," असं वर मीच जोडलं होतं. तिसऱ्या भेटीत काय करते ते मी विचारलं नाही. आणि ही तर दोन्ही हात कोपरापर्यंत पुढे करून बसलीय. तुम्ही उंदीर सोडवलेत गं, मी घरातली नात धरली.

तुमचा निकाल शुक्रवारपर्यंत येत नाही, कळतं मला. एका ताटलीवर तुमचं भागतही नाही. पुडी पाठवून मी नुसती चालढकल करतेय.

आत्ताच ती दारातून विचारून गेली, "नानी, मेंदीचे कोन भरले का?" मी "व्हय" म्हणाले. काळी पूड घालून भरलेलेच होते. आता उठते, सगळे फेकते आणि तिला डॉक्टरकडे नेते. ती रडेल. फोडांवर साधी मेंदीही चालायची नाही, आणि कोऱ्या हातांनी मांडवात बसणं सोपं नाही. नवऱ्याकडच्यांना मी माझ्या तोंडाने सांगेन, चूक नवरीची नाही म्हणून. तू शनिवारी यायचं ठरवलंयस, पण तोवर थांबू नकोस, परतीच्या टेम्पोत बसून ये. माझ्यावरचा तिचा विश्वास आज उडणार आहे. कुणीतरी तिचं असं जवळ पाहिजे.

तिच्यासमोर जायला पाय न उचलणारी,
तुझी नानी
मुबारकबी