खारूचा खांब

७ जानेवारी, रविवार

आजही आली नाही. दुपारी मेसेज: ‘आई, खूप अभ्यास आहे, पुढच्या रविवारी नक्की.’ हे ‘नक्की’ आता महिनाभर ऐकतेय.

तिच्या खोलीत जाऊन बसले. मधोमध तो स्टीलचा खांब, फरशीपासून स्लॅबपर्यंत घट्ट दाबून बसवलेला. ना खिळा, ना स्क्रू. तिच्या सोळाव्या वाढदिवसाला तिच्या बाबाने आणला. पोल डान्स शिकायचा म्हणून हट्ट धरला होता पोरीने. आणि शिकलीही! खारू नाव काही उगाच नाही पडलं. चालायच्या आधी खिडकीच्या गजांवर चढायची, म्हणून खारूताई, आणि खारूताईची खारू झाली.

आम्ही नवरा-बायको वेगळे झालो तेव्हा तिने बाबाकडे राहायचं ठरवलं. कॉलेज तिथून जवळ. पण बाबाच्या नव्या फ्लॅटला सगळीकडे फॉल्स सीलिंग. खांब तिथे दाबून बसवला तर छत फोडून वर जायचा! म्हणून खांब इथेच राहिला आणि त्याच्या पाठोपाठ रविवारही माझ्याकडे राहिले. सकाळी यायची, सराव करायची, जेवायची, माझ्या मांडीवर पाय टाकून मोबाईल बघायची. त्या पोकळ छताचे मी मनातल्या मनात किती आभार मानलेत.

आज खांबावर ओला टॉवेल वाळत टाकला. मग तो काढला आणि खांब धरला. कुणी बघत नव्हतं. दोन्ही हातांनी लटकायचा प्रयत्न केला. पाय उचलले — आणि धप्प!

तिला लिहिलं, ‘हे तू कसं करतेस गं?’ लगेच उत्तर! ‘आई, तू?? खांबावर???’ आणि हसून लोळणारे चेहरे. कित्येक दिवसांत ‘हो’ आणि ‘बरं’च्या पलीकडे काही आलं नव्हतं.

९ जानेवारी, मंगळवार

हात खांद्याच्या वर जात नाहीत. दातांच्या क्लिनिकमध्ये, जिथे मी मदतनीस आहे, पेशंटच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरून उभी होते, नळी थरथरत होती. डॉक्टरीणबाई मास्कच्या वरून बघत राहिल्या. ‘काय झालं?’ म्हटलं, ‘फळीवरचं मोठं पातेलं काढलं काल.’ खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही, पण मास्कमुळे निभावलं.

१४ जानेवारी, रविवार

आली नाही. पण!

मोबाईलमधली शिकवणारी बाई म्हणते, आधी अंग मोकळं करा. पुढे वाका, पायाचे अंगठे धरा. माझी बोटं नडगीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. ‘सैल सोडा, श्वास सोडा.’ दिवसभर मी पेशंटला हेच सांगते. सैल सोडा, काही होत नाही. आता कळतंय, लोक माझ्याकडे तसं का बघतात.

मग पहिली गिरकी. एका हाताने वर धरायचं, खांबाभोवती चालायचं, गुडघे खांबाला आवळायचे आणि फिरायचं. मी धरलं, चालले, आवळलं — आणि साबणाच्या वडीसारखी घसरत खाली आले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मोबाईल उभा करून त्याचा व्हिडिओ काढला आणि खारूला पाठवला.

फोन आला! तिचा, स्वतःहून!

‘आई, हाताला काय लावलंयस?’

‘काही नाही गं. आपलं नेहमीचं क्रीम.’

‘क्रीम! आई! क्रीम लावून कुणी खांबावर चढतं का?’

आता मला काय माहीत! दिवसभर हात धुवून धुवून सोलवटतात, म्हणून क्लिनिकमधली प्रत्येक बाई घरी आल्याबरोबर क्रीम चोपडते. मी तर पायांनाही चोपडलं होतं. खारू हसत सुटली. मग रागावली. मग खांब कसा पुसायचा ते सांगितलं — स्पिरिटने. स्पिरिट तर आमच्या क्लिनिकमध्ये बादलीभर! चांगला अर्धा तास माझी शाळा घेतली. इतकं बरं वाटलं रागावून घ्यायला.

१६ जानेवारी, मंगळवार

क्लिनिकमधले रबरी हातमोजे घालून पाहिले. चिकटले असे की हात तिथेच आणि मी पुढे! याबद्दल यापुढे काही लिहायचं नाही.

२१ जानेवारी, रविवार

आली नाही. खालच्या मजल्यावरचे काका मात्र आले.

‘वहिनी, वरून सारखं धपधप येतं. पडतं काय एवढं?’

‘मीच पडते, काका.’

त्यांना ती थट्टा वाटली. आत डोकावले, खांब पाहिला आणि चेहरा पडला त्यांचा. ‘स्लॅबला टेकू दिलाय की काय? आधी सांगायचं ना! आमच्या डोक्यावर आला म्हणजे?’

म्हटलं, ‘नाही हो, लेकीचा व्यायामाचा आहे.’ पण त्यांना पटलं नाही. जाताना जिन्यात थांबून छताच्या भेगा बघत होते.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? इथे तर कुणी वाचत नाही. मला नाच नको, गिरकी नको. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणासाठी नाचू? मला खारू हवी. पडले की ती बोलते. एवढंच.

२७ जानेवारी, शनिवार

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणतात. मी खरंच तपासलं. दातांत घालायच्या दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा सोडला. खांब अगदी सरळ आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

कंबर मोकळी होत नाही. दोन्ही पाय पसरून बसले की गुडघे वर येतात आणि पाठीला पोक येतं. ती मोबाईलमधली बाई पाय दोन्हीकडे लांब करून फरशीवर सपाट पसरते आणि वर हसते! मी रोज सकाळी करते, क्लिनिकला जायच्या आधी. पालथ्या घड्यावर पाणी. आज तशीच बसून रडले. उठायलाही येईना. खांब धरून उठले.

खारू आजही आली नाही, ‘परीक्षा आहे’ म्हणाली. परीक्षा तर मागच्या महिन्यात झाली ना? विचारलं नाही. विचारलं आणि खोटं बोलली तर काय करू?

१० फेब्रुवारी, शनिवार

जमली! गिरकी जमली!! एक पूर्ण फेरी, हवेत, दोन्ही गुडघे आवळून, आणि पायांवर उतरले. पुन्हा केली, पुन्हा जमली! खोलीत एकटीच ओरडले. मांडीवर हिरवे-निळे डाग, पण मला कसलं भान! व्हिडिओ पाठवला.

११ फेब्रुवारी, रविवार

उत्तर आलं. अंगठा. नुसता पिवळा अंगठा.

दिवसभर मोबाईल उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. आता तिने सांगायचं तरी काय? जमलं म्हणजे संपलं. माझी अक्कल बघा, एवढा जीव तोडून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला!

१८ फेब्रुवारी, रविवार

आज मुद्दाम पडले.

लिहितानाही लाज वाटते. खाली गादी घातली, ती व्हिडिओत दिसणार नाही अशी. गिरकी अर्धी घेतली आणि हात सोडला. ‘आई गं!’ असंही ओरडले. हे सोंग कुठून सुचलं कोण जाणे. पाठवलं.

पाच मिनिटांत फोन. ‘लागलं का? कुठे लागलं? बर्फ लाव. आई, गेल्या आठवड्यात तर जमली होती तुला!’

‘विसरले गं, वय झालं,’ म्हटलं.

तासभर बोललो. कॉलेजातल्या मैत्रिणीचं, बाबाच्या बेचव भाज्यांचं, तिच्या केसांचं. फोन ठेवल्यावर मी हसत होते. मग आरशात स्वतःला पाहिलं आणि हसू गेलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा पडले. पुन्हा फोन.

२५ फेब्रुवारी, रविवार

सोंग देवाला खपत नाही. गादीच्या कडेवर पाय आला आणि घोटा मुरगळला, या वेळी खरा. व्हिडिओ चालूच होता. वेदनेच्या भरात तोच पाठवून दिला, माझं विव्हळणं सगळं त्यात.

फोन आला तेव्हा ती रडत होती. ‘आई, बंद कर हे. ऐक माझं. घरात दुसरं कुणी नाही. तुला काही झालं तर कळणार कुणाला?’

खरं सांगावं तर ती परत फोन करणार नाही. आणि खोटं सांगावं तर ती अशी रडणार.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

लंगडत क्लिनिकला गेले. डॉक्टरीणबाईंनी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, दिवा पायावर फिरवला. ‘आता पातेल्याची गोष्ट सांगू नका.’ मग सगळं सांगितलं. खांब, गिरकी, खारू, गादी. सगळं. त्या बराच वेळ दिवा बंद करायचं विसरल्या.

‘म्हणजे चढायचं जमलं,’ त्या म्हणाल्या, ‘आणि आता पडायचा सराव चाललाय.’

हसायला आलं. मग खुर्चीतच रडायला आलं. बाहेर एक आजोबा दाढ धरून बसले होते, त्यांना वाटलं माझाच दात काढताहेत. घाबरून निघून गेले.

८ मार्च, शुक्रवार

खारूचा मेसेज. तसाच उतरवते: ‘आई, बाबाने माझ्या खोलीतलं फॉल्स सीलिंग काढून घेतलं. आता खांब बसेल तिथे. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येते न्यायला.’

संपलं. तो माणूस जन्मात कधी भिंतीला खिळा ठोकत नव्हता, आणि त्याने अख्खं छत काढलं! लेकीसाठी. मी काय म्हणू? म्हटलं, ‘बरं.’

१२ मार्च, मंगळवार

पाय बरा आहे. दात काढलेला माणूस दिवसभर जीभ त्या खड्ड्यात घालत राहतो, आम्ही सांगतो तरी ऐकत नाही. मी तशी त्या खोलीत सारखी जाऊन येतेय, खांब अजून आहे तोच. खांब गेला की ती इथे कशाला येईल? ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हणायलाही कारण उरणार नाही.

वाटतं, सांगून टाकावं की नेऊ नकोस. पण कुठल्या तोंडाने? तिचाच तर आहे.

१६ मार्च, शनिवार

खांब स्पिरिटने पुसला, जायचा तर स्वच्छ जावा. मग तीनदा गिरकी घेतली. तिन्ही वेळा जमली. कुणाला पाठवायची?

१७ मार्च, रविवार

आली. टेम्पोवाला खाली. खांबाचा पाया सैल करायला वाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नको नेऊस.’ वर बघितलं तिने. म्हटलं, ‘मी मुद्दाम पडत होते. तू फोन करावास म्हणून.’ पटेना तिला. तिच्यासमोर गिरकी घेतली. स्वच्छ, पूर्ण, पायांवर उतरले.

मग ती जी भडकली! ‘मला झोप नव्हती, आई! ‘पुन्हा नाचते’ म्हणत मी बाबाच्या मागे लागून छत काढायला लावलं ते तुझ्या घरातून हा खांब जावा म्हणून! मला कशाला हवाय तो? मी डिसेंबरमध्येच सोडलं हे सगळं!’

‘सोडलंस? मग येत का नव्हतीस?’

‘खांबासाठी जाते म्हटलं की बाबाला वाईट वाटत नव्हतं. नाच सोडल्यावर नुसतं आईकडे जाते असं त्याला कसं सांगू?’

दोघी फरशीवर बसलो, खांबाच्या दोन बाजूंना. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. कुणीच उठलं नाही.