'ओहोटी' हे गाणे माझे आहे

मी, लोरेन ऍकलम, वय एकसष्ट, व्यवसाय बेस गिटार वाजवणे, राहणार हेसल रोड, हल, इंग्लंड, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि भरपूर रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. नाताळचे बेत आखू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर धाकटी बहीण मॉरीन हिला. समोरच्या खोलीला तिने जांभळा रंग देऊ नये. दिलाच, तर मी काही करू शकणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

२. गिटार आमचा ड्रमर डेस स्टॅथर्स याला. 'द स्लिपवेज' हा बँड आम्ही दोघांनी मासळीच्या शेडमागे सुरू केला. गायक टोबी फॅरिंडन नंतर आला. त्याचा आवाज चांगला होता, हे शपथेवर लिहिते. पहिला अल्बम 'बंद गोदी' तिघांच्या नावाने निघाला. दुसऱ्या, 'मिठाचे हात' या अल्बमवर मात्र सगळ्या गाण्यांखाली टोबीचे एकट्याचे नाव. "अगं, छापणाऱ्यांची चूक," तो म्हणाला. "पुढच्या वेळी दुरुस्त करू." अल्बम पुन्हा पुन्हा छापला गेला. चूक तशीच राहिली.

३. त्यातले 'ओहोटी' मी आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहिले. माझे वडील मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी होते. मी लहान असताना आइसलंडकडे बोटीसकट बुडाले. पुरायलाही काही मिळाले नाही. आईला नवऱ्याची कबर म्हणून हे एक गाणेच होते. ते टोबीने गोठवलेल्या मासळीच्या जाहिरातीला विकले. मी आणि आई चहा पीत टीव्ही बघत होतो. सूर ऐकून आईने हसून मान वर केली, आणि पडद्यावर मासे तेलात पडले.

"तुझ्या बापाला तळतायत का गं?" आई म्हणाली.

त्यानंतर मरेपर्यंत तिने टीव्ही लावला नाही. यासाठी मी टोबीला क्षमा करत नाही, आणि माझ्या मागे कोणी माझ्या वतीने करू नये.

४. मध्यंतरी तो फुले घेऊन आला. 'मिठाचे हात'ची नवी आवृत्ती काढायची, म्हणून माझ्याकडच्या जुन्या टेप हव्या होत्या.

"लोरेन, या अवस्थेत तरी राग सोड ना."

"अवस्था माझी, रागही माझाच. माझं नाव छापतोस का?"

"वकिलांना विचारावं लागेल."

"मग त्यांनाच दे ही फुलं."

टेप डेसला. प्रत्येक गाण्याखाली खऱ्या लिहिणाऱ्याचे नाव छापल्याशिवाय त्या कोणालाही ऐकवू नयेत. डेस भिडस्त आहे, म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापक त्याची बायको पॉलीन राहील. ती भिडस्त नाही.

५. 'ओहोटी'ला तिसरे कडवे आहे. गाणे लांबते म्हणून टोबीने ते ध्वनिमुद्रणाच्या वेळी गाळले, कधी पाठही केले नाही. त्यात त्या बोटीवरच्या माणसांची नावे आहेत, घरात हाक मारायचे ती. त्यांच्या बायका, आता लेकी, दर हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये ते वाद्यांशिवाय म्हणतात. ते कडवे मी त्यांना देते. कोणाला शिकवायचे ते त्या ठरवतील.

माझ्या अंत्यविधीला त्यांनी पूर्ण गाणे म्हणावे. टोबी आला तर अडवू नये. पहिल्या रांगेत बसवावे. दोन कडवी त्याने खुशाल म्हणावीत. तिसऱ्याला त्याला गप्प बसावे लागेल, आणि ते अख्ख्या हेसल रोडला दिसेल.

खालील दोघांसमोर सही केली. साक्षीदारांना कायद्याने काही ठेवता येत नाही. "किटलीसुद्धा नाही?" असे बार्बराने विचारले. नाही.

सही: लोरेन ऍकलम

साक्षीदार: बार्बरा होल्डस्टॉक, शेजारीण
केनेथ ऑम्बलर, निवृत्त खलाशी

हल, ९ ऑक्टोबर २०१९