हिवाळ्याचे नाल

१५ ऑक्टोबर १८१२, मॉस्को.
ऊन. रशियन हरलेच आहेत, फक्त त्यांना अजून कळलेलं नाही. कॅप्टन देलवँकूर म्हणाले, तोफ आणि तिचे सहा घोडे धड घरी नेलेस तर तुला मुख्य नालबंद करतो. झालोच म्हणायचं.

१७ ऑक्टोबर.
आमच्याच फौजेतला पोलिश भालेवाला ओनुफ्री भट्टीवर मला शिकवायला आला. म्हणे, नालबंदसाहेब, नालांना टोकदार खिळे ठोका, नाहीतर बर्फावर घोडे आडवे होतील. आपल्या घोड्याला त्यानं ठोकलेसुद्धा. म्हटलं, आम्ही फ्रेंचांनी युरोप जिंकला तो साध्या नालांवर. बर्फ पडेल तेव्हा मी घरी सूप पीत असेन. म्हणाला, एकदा घोड्यांनाही विचारून बघा. उद्धट.

१९ ऑक्टोबर.
निघालो. गाडीत जागा नाही. खिळ्यांची पेटी आणि कोळसा उतरवला, मखमली पडदे चढवले. आईसाठी. योग्य निर्णय.

६ नोव्हेंबर.
बर्फ. वेळेआधी. या देशाला शिस्तच नाही. पुढची घोडी घसरून पडली, उठली नाही. मुळातच आळशी होती.

९ नोव्हेंबर, स्मोलेन्स्क.
तीन घोडे उरले. ठरलं! उद्यापासून टोकदार खिळे.

१० नोव्हेंबर.
खिळे नाहीत. कोळसा नाही. बोटं वळत नाहीत. पण बेत उत्तम होता.

१४ नोव्हेंबर.
दोनच. ओनुफ्री घोड्यावरून टपटप पुढं गेला. ओरडला, काय नालबंदसाहेब, सूप झालं का? मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सूप झालं होतं. आमच्याच घोड्याचं.

१० डिसेंबर.
विल्ना शहराच्या पुढची चढण. नुसती काच. शेवटचा घोडा तीनदा चढला, तीनदा खाली आला. मग माझ्याकडे बघत पडून राहिला. बराच वेळ त्याची मान धरून बसलो. तोफ तिथंच सोडली. कॅप्टन पुढं चालू लागले. जाब विचारला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. बहुतेक.

१४ डिसेंबर, रशियाच्या सीमेवरची नीमन नदी.
जूनमध्ये हीच नदी ओलांडताना पुलांवर दिवसच्या दिवस रांग होती. आज लगेच ओलांडून झाली. कॅप्टन म्हणाले, तोफखाना संपला, तू आता पायदळात. विचारलं, साहेब, पायदळ कुठाय? म्हणाले, हे काय, तू आणि मी.

म्हणजे माझा थेट दुसरा नंबर. बंदूक एकच आहे. ती कॅप्टन काठी म्हणून वापरतात.