न मोजलेल्या शेळ्या

माय, पास्कल नावाची संगणकाची भाषा आता कुणी विचारत नाही, पण नोंदी कशा सांभाळायच्या हे मी परभणीच्या पोरांना अजून तिच्यातूनच शिकवतो, आणि दरवेळी तू आठवतेस. मी कॉलेजात होतो. आपल्या शेळ्यांचा प्रोग्राम करायला घेतला होता, एकेका शेळीची एक नोंद, तिचं नाव, रंग, वय. किती नोंदींना जागा लागेल ते संगणकाला आधीच सांगावं लागायचं, म्हणून तुला विचारलं, शेळ्या किती? भाकरी थापता थापता तू डाफरलीस, "लय शिकलास. जित्राब मोजू न्हाई, नजर लागती. नावं इचार, सांगते." मी चिडलो, त्या दिवशी जेवलोसुद्धा नाही.

कॉलेजातल्या सरांना सांगितलं तर ते हसले आणि त्यांनी दुसरी रीत दाखवली. आकडा नकोच. प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवायचा, आपण फक्त पहिलीचा जपायचा. तू कबऱ्या शेळीपासून नावं सांगत गेलीस, मी एकीमागं एक जोडत गेलो. तुझा शब्दही राहिला, माझं कामही झालं. परीक्षेत मात्र यादी वाचता वाचता मी घाईत पहिलीचाच पत्ता पुसून बसलो आणि पडदा कोरा. सर म्हणाले, "शेळ्या आहेत तिथंच आहेत, पण आता एकीपर्यंतही तू पोचणार नाहीस."

तेव्हा गुण गेल्याचं वाईट वाटलं होतं. आता भलत्याच गोष्टीचं वाटतं. तू गेलीस आणि आम्ही तिघं आहोत तिथंच आहोत, मी परभणीत, दादा मानवतला, ताई ताडकळसला. भांडण नाही, तंटा नाही. पण दादाची खबर ताईला, ताईची मला, सगळी तुझ्याकडून यायची. "ताईला ताप हाय, जाऊन ये," तू म्हणायचीस आणि मी कुरकुरत एसटी धरायचो. आता कुणी पाठवत नाही, म्हणून कुणी जात नाही. मला भीती वाटते, माय. अशीच आणखी काही वर्षं गेली तर आमची पोरं एकमेकांना ओळखायची नाहीत.

रविवारी ताडकळसला जाणार आहे. ताई दारातच विचारील, "आज कसाकाय आलास रं?" आठवण आली म्हणून आलो, हे सख्ख्या बहिणीला सांगायला जीभ रेटत नाही. तू स्वप्नात येऊन पाठवलंस, असं सांगीन. हा कागद तेवढा माझ्याच खिशात राहू दे, कारण खरं तर तू गेल्यापासून एकदाही स्वप्नात आली नाहीस.