जिंकल्याचा मनस्ताप

ता. १२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. रागात लिहिते आहे, तरी आशीर्वाद खरेच समज.

फोनवर बास्केटबॉल हा शब्द काढला की तू गॅसवर काहीतरी उतू जातंय म्हणून फोन ठेवतोस. एकट्या माणसाच्या घरी इतकं रोज काय उतू जातं? म्हणून पत्र. तू अर्ध्यात ठेवलंस तरी मला कळणार नाही, आणि माझं पोटभर बोलून होईल.

काल हंगामातला पहिला सामना झाला. आपलं कॉलेज जिंकलं. 'आपलं' लिहिताना हात जड झाला. मार्चमध्ये ज्यांनी तुझ्या हातात नारळ दिला, त्यांच्या सामन्याला पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद केलं, शटर ओढलं आणि पाय घराऐवजी जिमकडे वळले. गाईला गोठ्याची वाट दाखवावी लागत नाही, तसं झालं. जागासुद्धा नेहमीचीच मिळाली. शेजारचे निवृत्त बसचालक रुमाल टाकून धरून बसले होते. मी येणारच, याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त खात्री.

आता सामन्याचं काय सांगू? मध्यंतराला आपण पंधरा गुणांनी पुढे. मग पोरींना काय झालं देव जाणे. डिफेन्स म्हणजे नुसती जत्रा, कोण कोणाला अडवतंय पत्ता नाही. समोरच्या संघातली एक किरकोळ पोर आमच्या तिघींच्या मधून पीठ चाळून पडावं तशी निसटायची. पंच असा की मला पर्समधून दुकानाचं कार्ड काढून द्यावंसं वाटलं. आणि तुझ्या जागेवर आलेला तो माणूस! शांत. हाताची घडी. तू असतास तर एव्हाना घसा बसला असता, टॉवेल दोनदा जमिनीवर आपटला असता. हा च्युइंगम चघळतोय. मला राहवलं नाही. मी जरा मोठ्याने बोलले. त्यात विशेष काही नाही.

शेवटी एका गुणाची आघाडी उरली. चेंडू तुझ्या भाचीच्या हातात, बास्केट समोर, सगळा हॉल उभा. आणि या बयेने शूट न करता मागे कोपऱ्यात चेंडू फेकला! माझ्या काळजाचं पाणी झालं. कोपऱ्यात ती बुटकी उभी होती, तिने टाकला, पडला. तीन गुणांनी जिंकलो. मी नाचले. बसचालकांच्या पायावर नाचले. आणि मग आठवलं की यांनी हरावं असं आपल्याला हवं होतं. असला मनस्ताप हरून कधी झाला नव्हता.

तुझी भाची कालपासून माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर वडिलांना सांगते, ते मला सांगतात. माझं काय चुकलं, तू सांग.

जेवत जा. ताईवर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
ताई


ता. १७ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

मला त्या संघाबद्दल काही लिहू नकोस, असं मी तुला स्पष्ट सांगितलं होतं. तू चार पानं लिहिलीस. बरं, लिहिलीस तर लिहिलीस, पण चार पानांत गुणफलक नाही! बसचालकांचा रुमाल आहे, पंचाचे डोळे आहेत, गुण नाहीत. बत्तीस वर्षं सामने बघतेस आणि बातमी द्यायची अक्कल नाही. रिबाउंड कोणाचे जास्त? म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू आपण उचलत होतो की त्या? पंधरा गुण एकाच क्वार्टरमध्ये गेले की हळूहळू? टाइम-आउट घेतला का त्याने? मला उत्सुकता नाही. पण अर्धवट काही ऐकलं की झोप लागत नाही.

आणि माझ्या भाचीने, त्या शिडीने, पास का दिला? तीन वर्षं त्या पोरीला एकच सांगत आलो, की शेवटचा चेंडू तुझ्या हातात आला तर मारायचा, इकडे तिकडे बघायचं नाही. एवढी उंची काय पंखा पुसायला दिली आहे? चेंडू पडला म्हणून ठीक. नसता पडला तर?

माझं इथे बरं चाललं आहे. शाळा लहान, मैदानाला एकच बास्केट, तीही एका बाजूला कललेली. मुलं चेंडू पायाने मारतात. मी हाताने मारा म्हणतो. ती मला गरीब बिचारा समजून दोन मिनिटं हाताने मारतात. उतू जायचं म्हणशील तर दूधच उतू जातं. मी गॅसजवळ उभा असतो तरी जातं.

'जरा मोठ्याने बोलले' म्हणजे काय बोललीस? तुझं जरा मला माहीत आहे.

मेहुण्यांना नमस्कार. रागावलो तरी धाकटाच आहे, सांभाळून घे.

तुझा,
धाकटा


ता. १८ नोव्हेंबर

ती. मामास,

सा. न. वि. वि. पत्र बघून हसू नकोस. आपल्या घरात फोनवर बोललेलं आईला दुकानात बसूनही ऐकू जातं, म्हणून कॉलेजच्या लायब्ररीत बसून लिहिते आहे.

आईने तुला सामन्याचं लिहिलं असेलच, आणि एक गोष्ट गाळली असेल. शेवटच्या क्वार्टरमध्ये मला फ्री थ्रो मिळाला, समोर अडवायला कोणी नाही. तुला ठाऊक आहे, तेव्हा हॉलमध्ये कशी शांतता असते. मी श्वास घेतला, हात वर केला, आणि मागून आईचा आवाज आला, "हा संघ माझ्या भावाने बांधलाय, याने नाही!" सगळा हॉल वळला. समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा वळल्या. माझा चेंडू बास्केटला लागलाही नाही. मामा, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

टाइम-आउटमध्ये नवे सर मला एवढंच म्हणाले की त्यांच्या आईचा आवाज याहून मोठा आहे. त्यावर मी हसले, आणि हसल्यावर हात हलके झाले.

पासबद्दल तू चिडला असशील. माझ्या अंगावर दोघी होत्या. तू मार म्हणाला असतास. सर म्हणतात, आधी बघ आणि मग जे दिसेल ते कर. मी बघितलं तर बुटकी मोकळी होती. तुझं ऐकायचं नाही असं मनात नव्हतं, खरंच.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या सामन्यानंतर कप्तान ठरवणार असं सरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं आहे. मला व्हायचंय. इतकं व्हायचंय की रात्री उशीला समोर बसवून कप्तानासारखं भाषण देते. पण आईने घरात जाहीर केलं आहे की त्या माणसाच्या हातून जी काही घेईल तिने माझ्या हातचं जेवू नये. बाबा अशा वेळी पेपर उलटा धरतात. मी अजून सरांना हो म्हटलेलं नाही. सोमवारपर्यंत सांगायचं आहे.

तुला वाईट वाटणार असेल तर मी नाही म्हणेन, आणि परत विषय काढणार नाही. पण तू मला खरं सांग. आईसारखं 'मला काय, कर हवं ते' असं म्हणू नकोस.

दूध उतू घालवू नकोस. लाड होते तेवढेच राहू देत.

तुझी,
शिडी


ता. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

शिडीला कप्तान व्हायला विचारलं आहे. तिला आज सकाळीच फोन करून सांगितलं की हो म्हण. तुला न विचारता सांगितलं. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड.

काय ओरडलीस तेही कळलं. फ्री थ्रोच्या वेळी, ताई! आपलीच पोर, आपलाच फ्री थ्रो! शत्रूसुद्धा त्या वेळी खोकायचं थांबतात.

मला काढलं त्याचं मला दुःख आहे. अजून आहे. सकाळी शिट्टी गळ्यात अडकवतो तेव्हा होतं, आणि दिवसभरात केव्हाही होतं. पण ते माझं आहे. मी ते माझ्या पद्धतीने गिळतो आहे, तू मध्ये पाणी घेऊन धावू नकोस. तुझ्या लेकीने माझ्या दुःखासाठी उपाशी राहावं असं मी कधी म्हटलं? तू न विचारताच माझी वकील झालीस, आणि पहिली शिक्षा तिला दिलीस.

आणि एक सांगतो. त्या हॉलमध्ये मला हाताला धरून तू नेलंस. मी दहा वर्षांचा होतो, मला पतंग उडवायचा होता. तेव्हा मी कोच नव्हतो, संघ दर आठवड्याला हरत होता, आणि तू कोणासाठी ओरडत होतीस? तो संघ आधी तुझा होता. मी मधली काही वर्षं तिथे नोकरीला होतो. माझी नोकरी गेली, तुझी जागा कोणी काढून घेतली नाही. ती तू स्वतः सोडू नकोस.

तो पास बरोबर होता. हे लिहायला मला वेळ लागला. इथल्या पोरांना मैदानावर उभं करून, दोघांना एकाच्या अंगावर सोडून बघितलं. जो मारायला गेला त्याचा चेंडू दर वेळी अडला. एक पोरगं शेवटी कंटाळून म्हणालं की गुरुजी, मागचा मोकळा आहे ना, त्याला द्या की. मी त्याला मैदानाभोवती एक फेरी मारायला लावली. फार चिडलो होतो.

मी सामन्याला येणार नाही. बोलावू नकोस.

लहान तोंडी मोठा घास घेतला. पोटात घाल.

तुझा,
धाकटा


ता. ३० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की एका गिऱ्हाईकाला दूरच्या जागी जवळचा नंबर दिला. तो बिचारा दारातच अडखळला. मग त्याला परत बसवलं, माफी मागितली, आणि तुला मनातल्या मनात आणखी चार शब्द ऐकवले. वकील म्हणे!

शिडी कप्तान झाली. मला तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ताट मात्र वाढून ठेवलं. ती जेवली. यांनी पेपर सरळ धरला, त्यावरून तह झाला असं समजायचं.

काल दुसरा सामना. गेले, बसले, तोंडात रुमाल धरला. बसचालकांना वाटलं दात दुखतोय, त्यांनी खिशातून लवंग काढून दिली. आणि आपल्या पोरींनी काय केलं? चोवीस गुणांनी हरल्या! चोवीस! पहिला सामना जिंकून जणू आकाशाला हात टेकले. त्या माणसाने या वेळी हाताची घडी सोडली, च्युइंगम थुंकून टाकला आणि डोकं धरून बसला. खोटं कशाला सांगू, मला त्याची दया आली. ओरडायला एवढी जागा होती, पण एक शब्द काढला नाही.

लोक पांगले. मी आपली बसून होते. झाडूवाल्याने खालून झाडायला सुरुवात केली. तेवढ्यात शिडी पायऱ्या चढून वर आली, माझ्या शेजारी बसली, बूट काढले, पाय समोरच्या बाकावर टाकले. मग म्हणाली, "आई, काय चुकलं गं?"

धाकट्या, या पोरीला वाढवताना मी खूप काही ऐकलं, पण हे पहिल्यांदा. मी सांगायला लागले. डिफेन्स कुठे फुटला, कोण उशिरा परतत होती, सगळं. ती मला खोडत होती, मी तिला खोडत होते. मी तिची बाटली आणि तिने माझा चष्मा मांडून खेळी दाखवली. झाडूवाला आमच्या पायांपर्यंत आला, थांबला, आणि डिफेन्सबद्दल त्याचंही मत देऊन गेला. घरी येईपर्यंत आम्ही भांडत होतो. मीठ तिने माझ्याकडे मागितलं.

दोघींचं शेवटी एकमत झालं ते असं, की डिफेन्स वाईट म्हणून हरलो. तुला बोलावत नाही. तू सांगितलंस, विषय संपला.

बाकी काय, जीव लावून आहेस तसा राहा.

तुझी,
ताई


ता. ४ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुम्हा मायलेकींना काही म्हणजे काही कळत नाही. चोवीस गुणांनी डिफेन्स हरत नाही. रिबाउंड हरले असणार. हे मी पहिल्याच पत्रात विचारलं होतं, त्याला अजून उत्तर नाही. ती कप्तान, तू तिची गुरू आणि तो झाडूवाला सल्लागार. असं चाललं तर हंगाम बुडाला म्हणून समज.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. खाली खेळाडूंच्या बाकाजवळ जाणार नाही आणि कोणाशी ओळख काढणार नाही. बसचालकांना म्हणावं रुमाल थोडा मोठा आणा, आपल्यात आणखी एक माणूस बसायचा आहे.

मी ओरडलो तर माझं तोंड धर. भेटीत उरलेलं भांडू.

तुझा,
धाकटा