शिलाई मशीन ओलीस

७ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

गाठ साधी निघाली, कर्करोग नाही. पण आता मला तोंड दाखवायला जागा नाही. छातीतून तुकडा काढून तपासायला दिला त्या आठवड्यात काय काय तमाशे केले मी! ह्यांना दुसरं लग्न करायची परवानगी दिली. ते नको म्हणायला जरा उशीरच करत होते, त्याचं दुःख निराळं. आणि आठवण म्हणून माझं शिलाई मशीन रडत रडत तुला देऊन टाकलं, जिला धड बटण लावता येत नाही! गिऱ्हाइकांचे कपडे अडकलेत आणि मशीन परत मागायची लाज वाटते.

डॉक्टरीणबाई पेशींचं, पुढच्या तपासणीचं काहीतरी समजावत होत्या. कर्करोग नाही एवढं ऐकून मी पर्स उचलली आणि पळाले. बाहेर खरोखरीच्या आजारी बायका ताटकळत होत्या. आता पुन्हा जायची नाही मी.

लोभ आहे तसाच राहू दे, जमलं तर मशीन पाठव.
तुझी,
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी रडले, मग मेहुण्यांना दिलेल्या परवानगीवर पोट धरून हसले. अगं, गाठ साधी निघाली यात लाज कसली? पण अर्धवट ऐकून पळालीस ते वाईट. अर्ध्या मापावर तू कधी कापड कापतेस का? परत जा, सगळं ऐक, मला कळव. तोवर मशीन मिळणार नाही. त्यावर मी कुंड्या ठेवल्यात.

मशीन आलं की माझ्या नव्या ड्रेसची डावी बाजू मागच्यासारखीच सैल शिव. कारण विचारू नकोस.

माया होती तेवढीच आहे.
तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मान खाली घालून गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच शरमले. गाठ साधीच, पण तिच्यातल्या काही पेशींची ठेवण वेगळी आहे. तो कर्करोग नव्हे, मात्र पुढे होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त. जास्त म्हणजे होणारच असं नाही, बहुतेकींना होतही नाही. पण दर वर्षीची तपासणी चुकवायची नाही.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला छातीचा काही त्रास आहे का. मी सवयीने नाही म्हणाले. जिना उतरताना तुझी डावी बाजू आठवली. मागच्या ड्रेसच्या वेळी तू टेप माझ्या हातातून काढून घेतलीस आणि माप स्वतःच सांगितलंस. बायकांची मापं घेण्यात माझा जन्म गेला, आणि सख्ख्या बहिणीला विचारायची मला लाज वाटली. तशीच परत वर गेले आणि तुझ्या नावाने सोमवारची वेळ घेतली. रागाव हवं तर, पण ये.

पत्राची नाही, तुझी वाट पाहते.
भिंगरी

५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कुंड्या उतरवल्या. रविवारी मशीन घेऊन येते. डावीकडे काय आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि आता लिहायलाही हात धजत नाही. तुला शहाणपण शिकवणारी मी, आणि लाजेने गप्प बसलेलीही मीच.

सोमवारी आत माझ्याशेजारी बस. मी पर्स उचलली, तर दार अडव.

तुझी,
ताई